चांदोमामासाठी ताऱ्यांची पेज

लहानपणी चांदोमामाला घरी बोलावले नाही, असा मनुष्य आपल्याकडे विरळाच. पण तो खरोखरच दारात आला, तर त्याच्या ताटात वाढायचे काय? या प्रश्नाचे विलक्षण उत्तर मेक्सिकोतील एका चित्रकर्तीने १९५८ साली रंगवून ठेवले आहे. चित्राचे नाव ‘पापिया एस्तेलार’, म्हणजे ताऱ्यांची पेज. आणि चित्रकर्तीचे नाव रेमेडिओस वारो.

ढगांच्याही वर, अंधाऱ्या अवकाशात एक लहानशी खोली उभी आहे. तिच्या छतातून वर गेलेली नळी ताऱ्यांचे तेज ओढून घेते. आत बसलेली एक स्त्री एका हाताने यंत्राचा दांडा फिरवून ते तेज दळते आणि दुसऱ्या हाताने चमचा पुढे करते. समोर पिंजरा आहे आणि पिंजऱ्यात चंद्राची फिकट, अशक्त कोर. ती कोर मुकाट्याने घास घेते आहे. स्त्रीच्या चेहऱ्यावर आनंद नाही आणि तक्रारही नाही. रोजचे काम रोज करणाऱ्या गृहिणीची शांतता तेवढी आहे.

असे स्वप्नवत चित्र एखाद्या लहरीत उतरले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात वारो यांची पद्धत जमाखर्च लिहिणाऱ्या मुनिमाइतकी काटेकोर होती. त्यांचा जन्म १९०८ साली स्पेनमधील आंग्लेस या गावी झाला. वडील जलअभियंता होते. आपल्या आराखड्यांच्या प्रती ते लहानग्या मुलीकडून काढून घेत. पट्टी, कंपास आणि अचूक रेषा यांचा तो संस्कार जन्मभर टिकला. चित्र रंगवण्यापूर्वी त्या संपूर्ण रचनेचे बारकाईने रेखाटन करीत आणि मग ते पांढरे अस्तर दिलेल्या गुळगुळीत तक्त्यावर उतरवीत. त्यांच्या चित्रांतील यंत्रे काल्पनिक असली, तरी नळी कोठून निघते आणि कोठे पोहोचते, चाक कशाने फिरते, याचा हिशेब चुकत नाही.

धुके, ढग आणि अवकाशाची पोत यांसाठी मात्र त्या योगायोगाला वाव देत. ओल्या रंगावर कागद दाबून तो उचलला, की कोणत्याही कुंचल्याला न साधणारे ठसे उमटतात. त्या ठशांत जे दिसेल ते हेरून त्या पुढे बारीक कुंचल्याने काम करीत. जेथे प्रकाशाची सूक्ष्म रेघ हवी, तेथे टोकदार वस्तूने रंग खरवडून खालचे पांढरे अस्तर उघडे करीत. ताऱ्याचा उजेड असा वरून लावलेला नसे. तो आतूनच बाहेर येई.

या कौशल्याला स्वतःची वाट सापडेपर्यंत आयुष्याचा बराच मोठा भाग गेला. स्पेनमधील यादवी, पॅरिसवर चालून आलेले जर्मन सैन्य आणि १९४१ च्या अखेरीस निर्वासित म्हणून गाठलेले मेक्सिको! तेथे पोटासाठी त्यांनी फर्निचर रंगवले आणि ‘बायर’ या औषध कंपनीच्या जाहिरातींसाठी चित्रे काढली. वेदना, निद्रानाश, संधिवात असे त्यांचे विषय असत.

त्यांना या चाकोरीतून बाहेर काढले ते वॉल्टर ग्रुएन या दुकानदाराने. छळछावण्यांतून वाचलेला हा ऑस्ट्रियन निर्वासित मेक्सिको शहरात संगीताच्या तबकड्या विकत असे. पुढे ते त्यांचे जीवनसाथी झाले. घरखर्चाची चिंता सोडून स्वतःची चित्रे काढा, असा आग्रह त्यांनी धरला. तेव्हा वारो पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. १९५६ साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि पुढे चित्रांसाठी ग्राहकांना वाट पाहावी लागू लागली. पण हाती वर्षे थोडी उरली होती. १९६३ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी त्यांनी पूर्ण केलेल्या अखेरच्या चित्रात एकही मनुष्य नाही. जेवणाचे गोल टेबल आहे, मध्ये जळती मेणबत्ती आहे, आणि सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी फळे तिच्याभोवती फिरत आहेत. काही फळे एकमेकांवर आदळून फुटली आहेत. त्यांच्या बिया खाली पडल्या आहेत आणि तेथे अंकुर फुटले आहेत.

वाचकहो, दुकानाच्या वहीमागे ग्रहतारे काढत बसणारे मूल आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. ‘याने पोट भरणार आहे का?’ हा आपला प्रश्न चुकीचा नाही. वारो यांनाही तो अनेक वर्षे सुटला नव्हता. तो सुटला, तेव्हा त्यात एका दुकानाच्या गल्ल्याचाही वाटा होता. मुलाच्या हातून वही काढून घेण्याआधी एवढे आठवावे. जमल्यास त्याच्या हाती एक पट्टी आणि एक कंपासही द्यावा.