नेटवर्क गेलं म्हणजे बोर्ड गेला नव्हे

चिपळुणात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ‘नो सर्व्हिस’ दाखवणाऱ्या फोनवर. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर ठरलेलं असतं : बोर्ड बदला. खर्च ऐकून माणूस मुकाट्यानं नवा फोन घेतो. यातले कितीतरी फोन वाचतात. दोष शोधायला वेळ आणि सर्किटचा नकाशा हाताशी हवा, एवढंच.

सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतंय ना, हे आधी बघायचं. मग *#06# दाबायचं. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आलाच नाही तर दुखणं बहुधा बेसबँडकडे, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या चिपकडे. नंबर नीट आला, तर सेटिंगमधून नेटवर्क स्वतः शोधायला लावायचं. कंपन्यांची नावं दिसली म्हणजे फोनला टॉवरचं ऐकू येतंय. तरी आपल्या कंपनीची नोंदणी होत नसेल, तर फोनचं म्हणणं टॉवरपर्यंत पोचत नाही; पहिला संशय पीएवर, म्हणजे पॉवर अँप्लिफायरवर. नावंच आली नाहीत, तर अँटेनापासून स्विच, फिल्टर, नेटवर्क आयसी अशी वाट तपासत आत जायचं.

ही वाट फार नाजूक असते. टूजीच्या 900 मेगाहर्ट्‌झवर फोन 2 वॉटपर्यंत ताकद बाहेर टाकतो. टॉवरकडून येणारा सिग्नल उणे 100 डीबीएम असेल, तर ती ताकद एका वॉटचा दहा लाख कोटींवा भाग! एवढ्याशा सिग्नलच्या वाटेत थोडा गंजसुद्धा पुरतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात गंजाला तोटा नाही. 2021 च्या जुलैतल्या पुरानंतर टेबलावर चिखलानं भरलेल्या फोनांचा ढीग लागला होता.

गेल्या पावसाळ्यात एक अंगणवाडीताई फोन घेऊन आल्या. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरायची खोळंबली होती आणि त्यांना बोर्ड बदलायला सांगितलं होतं. फोन उघडला. मुख्य बोर्डापासून खालच्या छोट्या बोर्डापर्यंत अँटेनाची एक बारीक कोॲक्स वायर जाते. तिच्या टोकाची टोपी हिरवी पडली होती आणि मल्टिमीटर मधल्या तारेला बीप देत नव्हता. वायर बदलली, रेंज आली. बोर्डाला काही झालंच नव्हतं.

आमच्या धंद्यातही दोष आहे. मोजमाप न करता नेटवर्क आयसीवर ब्लोअर मारून ‘बघू, येतंय का’ म्हणणारे आहेत. त्या उष्णतेनं शेजारचा चांगला भाग जातो आणि मग बोर्ड खरोखरच संपतो. पण कारागिराला नकाशा मिळत नसेल, तर तो अंदाजानंच काम करणार.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करणं किती सोपं आहे हे सांगणाऱ्या दुरुस्ती निर्देशांकासाठी 2024 मध्ये समिती नेमली, तिचा अहवाल 2025 मध्ये आला. पाऊल योग्य आहे. आता सरकारनं कंपन्यांना बाहेरच्या कारागिरांनाही सर्किटचे नकाशे आणि पीए, फिल्टर, अँटेना वायर असे सुटे भाग वाजवी दरात द्यायला बांधून घ्यावं.

आणि वाचकहो, बोर्ड बदला असं कुणी सांगितलं, तर नेमका कोणता भाग गेलाय आणि तो कसा तपासला, हे लेखी मागा.