पडद्यावर न दिसणारे पात्र

चित्रपट मुंबईत पाहा किंवा शिरपुरात. विमान-अपहरणावरील हिंदी चित्रपटाचा शेवट बहुधा ठरलेला असतो. दहशतवादी धमकावतात, प्रवाशांचे प्राण कंठाशी येतात, दिल्लीत बैठकांवर बैठका होतात आणि अखेरीस आपले जवान सर्वांना सुखरूप सोडवून आणतात. २००३ मध्ये आलेला रोहित शेट्टी यांचा ‘जमीन’ हा याच जातकुळीचा चित्रपट. कंदहार प्रकरणाला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. प्रत्यक्षात जे घडले नाही, ते निदान पडद्यावर तरी घडावे, ही प्रेक्षकांची ओढ स्वाभाविकच होती.

परंतु अशा चित्रपटांत एक पात्र हटकून गाळलेले असते. ते पात्र म्हणजे घरात दूरचित्रवाणीसमोर बसलेला नागरिक, अर्थात आपण. ओलीसनाट्यात बंदूक प्रवाशाच्या कपाळावर टेकलेली असली, तरी नेम बाहेरच्या समाजाच्या मनावर धरलेला असतो. समाज कासावीस होईल, आक्रोश करील आणि आपल्याच शासनाचा हात पिरगाळील, हा दहशतवाद्यांचा खरा हिशेब.

कंदहारला तो हिशेब जुळला. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेले आयसी-८१४ हे विमान अपहृत झाले. अमृतसरच्या धावपट्टीवर ते सुमारे पाऊण तास उभे होते आणि तेवढ्या वेळात आपली यंत्रणा त्याला रोखू शकली नाही. सरकार अटलजींचे होते म्हणून या त्रुटीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. विमान तालिबानच्या ताब्यातील कंदहारला पोहोचल्यावर लष्करी कारवाईचा मार्ग जवळजवळ खुंटला. इकडे दिल्लीत नातेवाइकांची निदर्शने सुरू झाली आणि वाहिन्यांनी तो आक्रोश घराघरांत पोहोचवला. ज्याचा मुलगा विमानात अडकला आहे, त्याला दोष देणे निर्दयपणाचे ठरेल. प्रश्न आहे तो ज्यांचे कोणीही विमानात नव्हते, त्यांचा. ‘काय हवे ते द्या, पण हे संपवा’ असा सूर त्यांच्यातूनही उमटला. कारगिलच्या विजयाला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते! ३१ डिसेंबरला तीन दहशतवादी सोडण्यात आले. त्यांतील मसूद अजहरने पुढे ‘जैश-ए-महंमद’ उभी केली. २००१ मधील संसदेवरील हल्ला आणि २०१९ मध्ये पुलवामात झालेले ४० जवानांचे बलिदान, ही त्या सुटकेची पुढे चुकवावी लागलेली किंमत.

नऊ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, मुंबईवर हल्ला झाला. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथे माणसे ओलीस धरली गेली. या हल्ल्यात एकूण १६६ जणांचे प्राण गेले. नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरत असताना ते दृश्य वाहिन्यांवर थेट दाखवले जात होते. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच पडदे पाहत होते आणि दूरध्वनीवरून आपल्या हस्तकांना सूचना देत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले.

हा धडा जगाला त्याआधीच मिळाला होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरणारे दहशतवादी आपल्या खोलीतल्या पडद्यावर, छपरावरून पुढे सरकणारे पोलीस पाहू शकत होते. ती कारवाई सोडून द्यावी लागली. अखेरीस ११ इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. ‘सप्टेंबर ५’ या २०२४ मधील चित्रपटाने हाच प्रसंग प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीच्या कक्षातून दाखवला आहे. गाळलेले पात्र निदान अर्धे तरी पडद्यावर आले. प्रक्षेपण करणारा दिसला, पाहणारा अजून दिसायचा आहे.

आपल्याकडे २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमाने बंदी आहे. २०१६ मध्ये अपहरणविरोधी नवा कायदाही झाला. पण नियम वाहिन्यांना बांधतात. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात सैन्याच्या हालचाली प्रसारित करू नका, असे शासनाला बजावून सांगावे लागले. उद्या अशाच प्रसंगी शिरपूरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर लष्कराचा ताफा दिसला, तर आपली मुले हात जोडतील की मोबाइल उगारतील?

राष्ट्रभक्ती टाळ्यांच्या कडकडाटात सहज व्यक्त होते. संकटाच्या घटकेला तिची कसोटी लागते ती संयमात. कारवाईचे चित्रण करायचे नाही, खातरजमा न केलेला मजकूर पुढे पाठवायचा नाही आणि शासनाने शत्रूपुढे वाकावे यासाठी आपला आवाज वापरू द्यायचा नाही, हे शांततेच्या काळातच मनावर बिंबवावे लागते. संकट आल्यावर ते शिकवायला कोणालाही सवड नसते. पुढच्या वेळी असा चित्रपट घरात सर्व जण मिळून पाहाल, तेव्हा तो संपल्यावर मुलांना एवढे अवश्य विचारा : हे प्रत्यक्षात घडले असते, तर आपण कसे वागलो असतो?