यादीबाहेरचं स्थळ

घरात लग्नाच्या वयाची मुलं असतील, तर तालीन वोस्कुनी यांची ‘सॉरी, ब्रो’ ही इंग्रजी कादंबरी जरूर वाचा. 2023 साली आलेली ही प्रेमकथा सॅन फ्रान्सिस्कोमधल्या आर्मेनियन समाजात घडते.

नारेहला पुरुषांइतकीच बायकांचीही ओढ वाटते, पण घरी ते ठाऊक नाही. आईला जावई हवा तो आर्मेनियनच. तिने फेसबुक धुंडाळून मुलांची यादीच केलीय. ती यादी घेऊन नारेह समाजाच्या कार्यक्रमांना जाते आणि तिचा जीव जडतो एरेबुनी नावाच्या मुलीवर! एरेबुनी हे खरं तर आर्मेनियाची राजधानी येरेव्हानमधल्या, इ.स.पू. 782 च्या किल्ल्याचं नाव. लेकीला आपल्या वारशाची गोडी लागावी, ही आईची इच्छा पुरी होते ती या मुलीमुळे, सोबत कुफ्ते, म्हणजे आर्मेनियन कोफ्ते, करता करता.

आईला हसू नका. 1915 पासून ऑटोमन साम्राज्यात लाखो आर्मेनियन मारले गेले, वाचले ते देशोधडीला लागले. आजही आर्मेनियात राहतात त्याहून जास्त आर्मेनियन बाहेर आहेत. अशा समाजात भाषा, लिपी, आडनाव टिकवायचं ओझं नवरा-नवरीच्या डोक्यावर येतं. परदेशातल्या मराठी आईबापांनाही ही धास्ती थोडीफार कळेल. पण मूठभरांच्या समाजाने आपलंच लेकरू दाराबाहेर ठेवलं, तर हे सगळं टिकवायचं कोणासाठी?

म्हणून सांगणं एवढंच. उद्या तुमचं मूल नारेहसारख्या ओढीबद्दल बोलू लागलं, तर मधे न तोडता ऐका. ‘लोक काय म्हणतील’ हे तोंडावर आलं तरी गिळा. उपचाराच्या मागे लागू नका. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली. मुलाला न विचारता ही गोष्ट मामा-मावशीच्या कानावर घालू नका. आणि मुलांनो, कधी सांगायचं ते तुम्हीच ठरवा. डोक्यावरचं छप्पर जाईल अशी भीती असेल, तर आधी भरवशाचं एक माणूस गाठा.

लेकीने एखाद दिवशी ‘तिला’ घरी आणलंच, तर पाहुणीसारखं सोफ्यावर बसवू नका. गणपतीचे दिवस असतील, तर मोदक वळायला सोबत घ्या.