भुताला पत्ता लागतो!

परवा रात्री ‘झोंबिवली’ पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा. बायको म्हणाली, "एवढं काय आहे त्यात?" म्हटलं, पाणी आहे.

मंडळी, भीती आणि हसू एकत्र असलेले सिनेमे माझा जुना वीक पॉइंट. पण हल्ली भुतं वाढलीत आणि भीती कमी झालीय. माझ्या मते कारण एकच, भुताला पत्ता लागतो. कुठल्या गावचं, कुठल्या झाडावरचं, कुणावर चिडलेलं, हे कळलं तरच अंगावर काटा येतो. आणि हसूही तिथलंच असतं.

‘स्त्री’ (२०१८) आठवा. चंदेरीच्या गल्ल्या, आणि रात्री एकटं बाहेर पडायला घाबरतात ते पुरुष! अख्खा विनोद त्या उलटापालटीत आहे. ‘स्त्री २’ मोठा झाला, पाहुणे आले, गाणी आली, सरकटा आला. मी पॉपकॉर्न संपवून शांतपणे घरी आलो. पहिल्या भागानंतर जिन्याचा लाईट लावला होता.

आपल्याकडे हे फार आधी जमलं होतं. १९९३ चा ‘झपाटलेला’. बाहुल्यात शिरलेला गुन्हेगार ही कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’मधली, मान्य. पण रामदास पाध्यांचा बाहुला, प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि समोर घाबरलेला लक्ष्या, म्हटल्यावर ते उसनं भूत कायमचं इथलंच झालं. आमच्या घरात तर त्यानंतर कित्येक महिने बहिणीची बाहुली रात्री कपाटात बंद असायची.

आता ‘झोंबिवली’. २०२२, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. नाव ऐकून लोक हसले, मीही हसलो. आत बघा तर एकीकडे टोलेजंग सोसायटी, शेजारी वस्ती, आणि भांडण पाण्याचं. डोंबिवलीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला टँकरच्या हॉर्नने जी धडकी भरते ती कुठल्या हवेलीतल्या दरवाजाने भरत नाही. आणि झोंबी चावताना कुणाचा मजला विचारत नाही, ही गंमत मला अजून पुरते.

याच सरपोतदारांनी २०२४ मध्ये ‘मुंज्या’ केला. भूत आपलं, कोकणातलं, पिंपळावरचं. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी पोरगं गेलं की त्याचा मुंज्या होतो, हे आपण आजीकडून ऐकलेलं. सिनेमात आजीही आपल्या सुहास जोशी. सिनेमा मात्र हिंदी. शंभर कोटींच्या पुढे गेला. आनंद झालाच, पण थिएटरातून निघताना वाटलं, या पोराला मराठीत हट्ट करता आला असता तर?

लगेच कुणी निर्मात्यांना शिव्या घालू नका. ‘झोंबिवली’ थिएटरात आला तेव्हा मी कुठे होतो? घरात. कोरोनाची तिसरी लाट होती, हे कारण खरं आहे. पण ‘मुंज्या’च्या आधी दोन वर्षांत मराठी सिनेमाला किती वेळा गेलो, ते मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. आणि "मराठीत असं काही होत नाही" हे वाक्य मीच चहाच्या टपरीवर तीनदा तरी बोललोय.

असो. वेताळ, हडळ, गिऱ्हा, चकवा, खवीस... एवढी मंडळी अजून कामाविना बसलीत. तुमच्या गावचं भूत कोणतं आणि कुठल्या झाडावर? लिहा. आजीने सांगितलेलं असेल तर आधी ते.