सुट्टीतली एक दुपार वाचनालयासाठी

डिसेंबरात मुंबईला येणाऱ्या परदेशस्थ मराठी कुटुंबाचे तीन-चार आठवडे बघता बघता संपतात. नातेवाइकांकडची जेवणं, एखादं लग्न, दाताच्या डॉक्टरकडे फेरी, खरेदी, मुलांसाठी मॉल. या धावपळीत उपनगरातल्या वाचनालयासाठी एक दुपार राखून ठेवायला हवी. जुन्या आठवणींसाठी कोणी गेलं तर उत्तमच. पण तिथे जाण्याला आज व्यवहाराचंही एक कारण आहे.

पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ टिळकांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, 1923 साली स्थापन झाला. पूर्वेला स्टेशनापासून चालत जाता येईल अशा अंतरावर त्याचं ग्रंथसंग्रहालय आहे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे. 1898 साली सुरू झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने शहरभर शाखा काढल्या. या संस्था सरकारने उभारलेल्या नाहीत. नोकरदार माणसांनी वर्गणी काढून, संध्याकाळचा वेळ देऊन त्या उभ्या केल्या.

त्यांची आजची अडचण समजून घ्यायची तर कायद्याकडे वळावं लागतं. 1948 च्या मद्रास कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि वाचनालयांना हक्काचं उत्पन्न मिळालं. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात असा उपकर नाही. इथे मिळतं ते अनुदान, आणि ते ठरतं वाचनालयाच्या वर्गावरून: अ, ब, क किंवा ड. हा वर्ग देताना ग्रंथसंख्येबरोबर वर्गणीदार सभासद किती, नियतकालिकं किती येतात, वाचनालय दिवसाला किती तास उघडं असतं, हेही पाहिलं जातं. म्हणजे एका सभासदाची वर्गणी रकमेने लहान असली, तरी त्याचं नाव वाचनालयाच्या वर्गाला आधार देतं.

म्हणूनच परदेशी जाताना घरातली जुनी पुस्तकं खोक्यात भरून वाचनालयाच्या दारात पोहोचवणं ही मदत अपुरी पडते. कपाटं आधीच भरलेली असतात. त्यापेक्षा आई-वडिलांच्या नावाने वर्षाची वर्गणी भरावी.

फोनवर सगळं मिळतं, मग वाचनालय कशाला, असं विचारलं जातं. दिवाळी अंकांचंच उदाहरण घ्या. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. आज अंक इतके निघतात की एका घराने चार-पाच घेतले तरी खिशाला जाणवतं. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत ठरावीक रक्कम भरली की पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. जुने अंक आणि छापून संपलेल्या कादंबऱ्या तर बऱ्याचदा वाचनालयाच्या फडताळातच सापडतात.

शिवाय उपनगरातल्या वन रूम किचनमध्ये शांतता मिळत नाही. वाचनालयात सकाळी पेपरच्या लाकडी दांड्या धरून निवृत्त मंडळी बसतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं पाण्याची बाटली आणि डबा घेऊन दिवसभर असतात. चहा मागवल्याशिवाय तासन् तास बसू देणाऱ्या जागा मुंबईत फार उरलेल्या नाहीत.

सुट्टीवर आलेल्या नातवंडाला आजोबांनी बालविभागात न्यावं. मुलाने स्वतः पुस्तक निवडावं, काउंटरवर द्यावं, मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का उमटताना बघावा. पुस्तक वाचून होण्याआधीच विमानाची तारीख येईल. मग ते परत करायला आजोबांना एकट्याने जावं लागेल, आणि येताना ते स्वतःसाठी दुसरं घेऊन येतील.