खुरपं धरणाऱ्या हाताला बाराशे कॅलरी पुरतील कशा?



कॅलरी हा शब्द आपल्या खेड्यात आला तो भुकेच्या हिशोबातून. १९७९ साली नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने दारिद्र्यरेषा ठरवली, तेव्हा खेड्यातल्या माणसाला दिवसाला २४०० आणि शहरातल्या माणसाला २१०० कॅलरी लागतात असे धरले होते. एवढे अन्न विकत घेण्याची ऐपत नाही तो गरीब, असा तो साधा हिशोब. आज तोच शब्द गावात उलट्या बाजूने शिरला आहे. पूर्वी विचारायचे, पोटात पुरेसे जाते का? आता विचारतात, कमी कसे करायचे?

वजन कमी करण्याचे वारे गावात आले यात वाईट काही नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी ही दुखणी आता शहराची राहिलेली नाहीत. पण या वाऱ्याबरोबर मोबाईलवर एक तक्ता फिरतो आहे, ‘बायकांनी दिवसाला १२०० कॅलरी खाव्यात’ असे सांगणारा. तालुक्याच्या गावाला पावडरचे डबे विकणारेही तोच आकडा सांगतात. आमचा आक्षेप वजन कमी करण्याला नाही, या आकड्याला आहे. कारण हा आकडा खुर्चीत बसणाऱ्या बाईलाही तोकडाच आहे. दिवसभर निंदणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला तो सरळ सरळ घातक आहे.

हिशोब काय सांगतो?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीय माणसाच्या गरजेचे आकडे नव्याने ठरवले. ५५ किलो वजनाच्या बाईसाठी ते असे आहेत : बैठे काम करणारीला दिवसाला १६६० कॅलरी, मध्यम कष्टाच्या बाईला २१३० आणि जड कष्टाच्या बाईला २७२०. गरोदर असेल तर वर ३५० आणि अंगावर पाजणारी असेल तर पहिले सहा महिने वर ६०० कॅलरी.

आता हे बघा. याच हिशोबाप्रमाणे, ५५ किलोची बाई दिवसभर अंथरुणावर नुसती पडून राहिली, तरी श्वास घ्यायला, काळीज चालायला, अंग गरम राहायला तिला सुमारे १२०० कॅलरी लागतात. म्हणजे मोबाईलवरचा तो तक्ता बाईला फक्त पडून राहण्यापुरते अन्न देतो. मग चूल, पाणी, शेण, धार, खुरपणी, वेचणी हे सगळे कशावर करायचे? हवेवर?

मध्यम कष्टाच्या बाईने १२०० खाल्ले तर रोज ९३० कॅलरींची तूट पडते. जड कष्टाच्या बाईला १५२० ची. अंगातली चरबी ही तूट काही दिवस भरून काढते, हे खरे. पण एवढी मोठी तूट नुसत्या चरबीने भरत नाही, अंगातले मांसही झिजते. पहिल्या पंधरवड्यात काटा झरझर खाली येतो, बाई खूश होते. त्यात पाणीही असते अन् मांसही. मग चक्कर, हातपाय गळणे, केस गळणे, पाळी पुढेमागे होणे सुरू होते. शेवटी भूक असह्य झाली की बाई पोटभर जेवू लागते आणि वजन परत येते. गेलेले मांस मात्र तितक्या सहज परत येत नाही.

बैलाचा खुराक कळतो, बाईचा का नाही?

मंडळी, एक कडू गोष्ट बोलतो, राग मानू नका. नांगरट-पेरणीच्या दिवसांत तुम्ही बैलाची पेंड वाढवता. म्हैस व्याली की तिचा खुराक वाढवता. कामाच्या दिवसांत जनावराचा चारा तोडायला सांगणारा कुणी भेटला तर त्याला तुम्ही वेड्यात काढाल. कष्ट वाढले की खुराक वाढतो, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. मग घरातल्या लक्ष्मीच्या बाबतीत हाच हिशोब आपण विसरतो कसा?

आपल्याकडे बाई सगळ्यांच्या मागून जेवते. कालवण संपलेले असते, तर ती चटणी अन् शिळ्या भाकरीवर भागवते. त्यात कुणी तरी म्हणते, ‘किती सुटलीस गं!’ अन् ती सकाळची भाकरी बंद करते. सकाळी नुसत्या चहावर रानात जाते आणि दुपारी दोनपर्यंत वाकून खुरपते. याला आहारनियंत्रण म्हणत नाहीत, याला उपासमार म्हणतात.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच पाहणीत २३ जणी जास्त वजनाच्या आणि २१ जणी गरजेपेक्षा कमी वजनाच्या निघाल्या. म्हणजे सुटलेल्या आणि वाळलेल्या जवळपास सारख्याच, आणि रक्त कमी असलेल्या या दोहोंपेक्षा दुपटीहून जास्त. अंगाने भरलेली बाई रक्तानेही भरलेली असते, हा गैरसमज आहे. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. ताटातले अन्न निम्मे केले की लोहही निम्मे होते. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तक्त्यावर बसवणे म्हणजे गळक्या हौदाचा नळ बंद करण्यासारखे आहे.

मग वजन कमी करायचेच नाही का?

करायचे, जरूर करायचे. पण आधी गरज आहे का ते बघा. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ४३ ते ५३ किलोच्या दरम्यान असेल तर कमी करण्याचे कारण नाही. ५८ च्या वर गेले असेल तर मात्र मनावर घ्यायला हवे. मधल्या बाईने पोटाचा घेर मोजावा. तो ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर असेल तर सावध व्हावे.

दुसरी गोष्ट, कष्टाचा हंगाम बघा. शेतकरणीचे काम बारमाही सारखे नसते. खुरपणी, वेचणी, सोंगणीच्या दिवसांत तिचे कष्ट मध्यम ते जड. रब्बी उरकली की चैत्र-वैशाखात बरेच हलके. शिवाय जाते गेले, गिरणी आली. आड गेला, नळ आला. बऱ्याच घरी गॅस आला. हे चांगलेच झाले, पण हलक्या दिवसांत खाणे मात्र सुगीइतकेच राहिले आणि वजन तिथे वाढले. म्हणून वजन कमी करण्याचा खरा हंगाम आहे उन्हाळा, भरकामाचे दिवस नव्हेत.

हिशोब असा धरा. आपल्या कामाला जेवढे लागते, त्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी करायच्या, त्याहून जास्त नाही. मध्यम कष्टाच्या बाईने १६०० ते १८०० खावे. जड कामाच्या दिवसांत वजनाचा नाद सोडावा. फार तर साखर-तेल आवरून २३००-२४०० पर्यंत यावे, पण खाली नाही. हलक्या दिवसांत १४५०-१५०० पर्यंत यायला हरकत नाही, पण सकाळ-संध्याकाळ चालणे त्यात धरा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ५०० ची तूट पडली तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरते, प्रत्यक्षात त्याहूनही हळू. महिन्याला एक-दीड किलो उतरले तरी खूप झाले. दहा दिवसांत पाच किलो उतरवून देणारा तुमचे पैसे उतरवतो, एवढे लक्षात ठेवा.

ताटात काय असावे?

कॅलरी मोजायला यंत्र लागत नाही. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे सुमारे २०० कॅलरी. मध्यम कष्टाच्या बाईचा १७०० चा दिवस असा बसतो : दिवसभरात चार भाकरी (८००), ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा मटकी-हरभरा (२००), सगळे मिळून पाच चमचे तेल (२२५), लहान मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे (१४०), एक पेला गाईचे दूध किंवा त्याचे दही (१३०), कमी साखरेचे दोन कप चहा (१००), पालेभाजी, कांदा, काकडी, एखादा पेरू (१००). यात बाईला लागणारी ४६ ग्रॅम प्रथिनेही बसतात. पावडरचा डबा कुठेच लागला नाही, बघा.

भाकरी आपली शत्रू नाही. शत्रू दुसरीकडे आहेत. दिवसात पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे २०० कॅलरी नुसत्या साखरेच्या. एका भाकरीएवढ्या! पाच माणसांच्या घरात महिन्याला आठ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ४३० कॅलरी तेलातूनच जातात. तेल चार लिटरवर आणा, दोनशेहून जास्त कॅलरी वाचल्या आणि पैसेही वाचले. तिसरा शत्रू बिस्किटाचा पुडा आणि फरसाण. आणि चौथा आपला उपवास! एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडली नाही. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच, आणि दाण्याचा कूट अन् तूप घातलेली खिचडीची भरली ताटली दोन भाकरींना सहज भारी पडते.

सकाळी रानात जाण्याआधी अर्धी-एक भाकरी आणि दूध किंवा उसळ पोटात गेलीच पाहिजे. दिवसात दोनदाच जेवण्याची पद्धत काहींना मानवते, पण वाकून काम करणाऱ्या बाईने सकाळचे जेवण तोडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही वेळ चुकवू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर वजन कमी करण्याचे नावही काढू नये.

गावकारभाऱ्यांनो, तुमचेही काम आहे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणतील, बायकांच्या ताटाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. रेशनवर अन्नसुरक्षेच्या कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते २०२३ पासून मोफत आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण हिशोब करा : पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला सुमारे ५७५ कॅलरी. मध्यम कष्टाच्या बाईच्या गरजेचा चौथा हिस्सा, थोडा वर. बाकीचा तीन हिस्से भार मजुरीवर. ज्या आठवड्यात काम नाही, त्या आठवड्यात कुणाचे ताट आधी रिकामे होते, हे सांगायला हवे काय?

म्हणून तीन गोष्टी मागाव्या वाटतात. पहिली, अंगणवाडीत बालकांची वजने होतात, तशी तीन महिन्यांतून एकदा गावातल्या मोठ्या बायांचीही वजन-उंची घ्यावी आणि उपकेंद्रात रक्त तपासावे. रक्त किती हे कळल्याशिवाय कुणीही तक्त्यावर बसू नये, एवढे आशाताईने घरोघर सांगितले तरी अर्धे काम झाले. दुसरी, ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती दरवर्षी शिलाई यंत्रे अन् सतरंज्यांत घालण्यापेक्षा चांगला वजनकाटा आणि रक्ततपासणीची सोय यात घाला. तिसरी मागणी शेतमालकांना. मजूर बायांना भाकर खायला निवांत अर्धा तास, सावली आणि पिण्याचे पाणी द्या. ही मेहरबानी नव्हे. भुकेल्या हाताने निंदणी नीट होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि घरच्या पुरुष मंडळींना एवढेच सांगणे : आजपासून ताटे एकाच वेळी वाढा. बाईला पहिल्या पंगतीत बसवा. तिला काय आणि किती वाढले जाते ते एक आठवडा डोळ्यांनी बघा. त्यानंतर तिच्या वजनाबद्दल बोलायचे असेल, तर खुशाल बोला.