न वाजणारे टॅपेट

जुन्या गाडीच्या इंजिनातून टकटक ऐकू आली की मालक धास्तावतो आणि ती थांबली की निर्धास्त होतो. इंजिनाच्या दृष्टीने पाहिले तर पुष्कळदा याच्या उलट वाटायला हवे.

आपल्याकडील गॅरेजमध्ये ज्याला ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतात, ते काम म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधील फट मोजून ती योग्य करणे. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, म्हणून ही फट मुद्दाम राखलेली असते. ती वाढली तर रॉकर व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटून वाजतो. नाहीशी झाली तर मात्र काहीच वाजत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे आपल्या बैठकीवर आदळत राहतो. बैठक झिजते, व्हॉल्व्ह किंचित आत बसू लागतो आणि त्याचा दांडा वर येऊन रॉकरला भिडतो. मग तो पूर्ण मिटत नाही. त्याची उष्णता प्रामुख्याने बैठकीला टेकलेल्या क्षणांतच बाहेर जाते. ते टेकणेच अपुरे पडले की कड जळते, कॉम्प्रेशन घटते आणि अखेर हेड उतरवावे लागते. जुन्या गाडीच्या बाबतीत हा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीपलीकडे जातो.

भिक्खू सोण यांना तथागतांनी दिलेला वीणेचा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे: तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. तो येथे लागू पडतो, पण अर्धाच. वीणेची तार कोणत्याही बाजूने बिघडली तरी कानाला कळते. इंजिनातला केवळ सैलपणा ऐकू येतो; ताण मोजावाच लागतो.

१९९६ ते २००० या काळातील होंडा सिव्हिकचे १.६ लिटरचे, एका कॅमशाफ्टचे साधे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. सोळा व्हॉल्व्ह, प्रत्येकाला स्क्रू आणि लॉकनट. इंजिन थंड असताना इन्टेकची फट ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्टची ०.२३ ते ०.२७. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीच काम करावे. टॅपेट कव्हर काढावे. स्पार्क प्लगही काढले तर इंजिन हाताने सहज फिरते. कॅमच्या पुलीवरील ‘अप’ ही खूण वर आली की पहिल्या सिलिंडरचे चारही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. ते तपासून क्रँकशाफ्ट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवावा. मग तिसरा सिलिंडर, नंतर चौथा, शेवटी दुसरा. फीलर गेजची पाती फटीतून जाताना किंचित अडखळली पाहिजे. हे ‘किंचित’ बोटांनाच शिकावे लागते, आणि पहिल्या दोन व्हॉल्व्हना लागतो तेवढा वेळ पुढच्या सहांना लागत नाही. लॉकनट आवळताना स्क्रूही सोबत फिरू पाहतो. त्याला स्क्रू-ड्रायव्हरने धरून ठेवावे आणि आवळून झाल्यावर पाती पुन्हा घालून पाहावी. ही दुसरी तपासणी टाळणाऱ्याने पहिलीही केली नाही असे समजावे.

इतर गाड्यांचे आकडे ज्याच्या त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावेत. हायड्रॉलिक लिफ्टर असलेल्या बऱ्याच इंजिनांत हे कामच नसते.

संगणकापुढे बसून पोट भरणाऱ्याने हात तेलकट कशाला करावेत, असे आपल्यातही काही जण विचारतात. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्याची दारे आपल्या माणसांना बंद होती. तुटलेला धागा जोडताना तोंडाचा वापर करावा लागे आणि त्यात विटाळ मानला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्यांना कसबाच्या यंत्रापासून असे दूर ठेवले गेले, त्यांच्या नातवंडांनी पान्याला कमीपणा मानावा, हे मला पटत नाही.

एक वही मात्र ठेवावी. फट बदलण्यापूर्वी सापडलेला आकडा प्रत्येक व्हॉल्व्हपुढे लिहावा, शेजारी गाडीचे मैल. पुढच्या खेपेस तोच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इतरांपेक्षा अधिक घट्ट निघाला, तर त्याची बैठक झिजत आहे. त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन लगेच मोजून घ्यावे.